मागावं कसं, हे शिकवणाऱ्या राठोडबाई

ढाणकीच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बाजारात दुकान असलेल्या माणसाला देणगी मागणारे काही नवीन नसतात. कोणाचा उरूस, कोणाचा सप्ताह, कोणाची जयंती, कोणाची क्रिकेटची टुर्नामेंट. पावतीपुस्तक काखेत धरून येणारी मंडळी मी रस्त्याच्या पलीकडूनच ओळखत असे आणि ती पायरी चढायच्या आत मागच्या गोदामात काढता पाय घेत असे. "सेठ उमरखेडले गेले" असं सांगून नोकर वेळ मारून नेई. श्रीमती जमुनाबाई राठोड पहिल्यांदा दुकानात आल्या, त्या दिवशीही मी असाच उमरखेडला गेलेला होतो.

बाई नोकराला म्हणाल्या, सेठ गोदामातून बाहेर येईपर्यंत मी बसते. मी ते आतून ऐकलं आणि निमूट बाहेर आलो. बाई तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आसपासच्या तांड्यांवरच्या आणि आदिवासी वस्त्यांवरच्या मुलींसाठी गावाबाहेर वसतिगृह सुरू झालं होतं, त्याच्या देणगी समितीचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. त्यांना न्हाणीघरांच्या दारांना आतून लावायच्या कड्या हव्या होत्या. एवढ्यावर सुटका होते आहे या आनंदात मी बिजागऱ्यांचा खोकाही पुढे केला. तो त्यांनी परत सरकवला. आमच्या दारांच्या बिजागऱ्या चांगल्या आहेत, कड्याच नाहीत, म्हणाल्या. आणि जाता जाता, कड्या नीट बसल्या का ते पाहायला येण्याचं आमंत्रण देऊन गेल्या. मी गेलो. एका मुलीने मला तोंडावर सांगितलं की चौथ्या दाराची कडी अडकते. ती मी दुसऱ्या दिवशी बदलून दिली, आणि तेव्हापासून मी समितीत आहे. हे नेमकं कसं घडलं, ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिक्षणकार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मला माहीत आहे ते त्यांचं मागणं. या कामात मी त्यांच्यामागे इतकी वर्षं हिंडलो आहे की माझ्या घरचे मला दुकानदार कमी आणि याचक जास्त समजतात.

बाईंचे काही नियम आहेत. ते त्यांनी कधी कागदावर लिहिले नाहीत, पण मोडले की कळतात. गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराकडे मागायचं नाही, कारण त्याला नाही म्हणायची सोय राहत नाही. ज्याचा जो धंदा, त्याच्याकडे तेच मागायचं. आणि मागच्या वर्षी दिलेल्या वस्तूचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय नवीन गोष्ट तोंडातून काढायची नाही. एकदा एका तेल्याच्या घरी आम्ही गेलो, तर बाईंनी अर्धा तास त्याच्याच तेलात मुलींनी संक्रांतीला काय काय तळलं, ते ऐकवलं. मी घड्याळ पाहत होतो. शेवटी त्या गृहस्थांनीच विचारलं की या वर्षी किती डबे पाठवू.

वाईट दान मात्र बाई ठेवून घेत नाहीत. एका कापड दुकानदाराने न खपलेल्या फ्रॉकचं गाठोडं पाठवलं होतं. सगळे फ्रॉक चार-पाच वर्षांच्या मुलींना होतील असे, आणि आमच्या मुली सातवीच्या पुढच्या. समितीतल्या आम्हा लोकांचं म्हणणं, असू द्या, परत कुठे पाठवता, माणूस दुखावेल. बाई स्वतः गाठोडं घेऊन त्यांच्या दुकानात गेल्या, चहा घेतला, आणि आमच्या मुली तुमच्या अंदाजापेक्षा उंच आहेत एवढंच म्हणाल्या. पुढच्या वेळी त्या गृहस्थांनी मापं मागवली.

त्यांचा जिव्हाळा मी स्वतः अनुभवला आहे. माझी अम्मी आजारपणात गेली तेव्हा वसतिगृहाचा वार्षिक देणगीदार मेळावा तोंडावर आला होता आणि बाजाराची अर्धी बाजू देणग्यांसाठी मी फिरायची होती. बाई आल्या, घरातल्या बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या, मेळाव्याचा शब्दही काढला नाही. माझ्या वाट्याची दुकानं त्याच परस्पर फिरून आल्या, हे मला नंतर बाजारातून कळलं. त्यांचे गुडघे तेव्हाही दुखतच होते. मला त्या दिवशी फार भरून आलं, आणि ते मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या मोठ्या खोलीचा स्लॅब खचला. इंजिनिअर येऊन पाहून गेले आणि पावसाळ्यात या स्लॅबखाली मुली झोपवू नका, असं सांगून गेले. त्या खोलीत निम्म्या मुली झोपत. शाळा उघडायच्या आत नवा स्लॅब झाला नाही तर त्यांना घरी पाठवावं लागणार होतं, आणि आमच्या भागात त्या वयाची मुलगी एकदा घरी गेली की परत येत नाही. आईबाप ऊसतोडीला जातात, ती धाकट्या भावंडांना घेऊन त्यांच्यामागे जाते, नाहीतर तिचं लग्न होतं. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

अशात वणीकडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या सेठजींचा निरोप आला. त्यांचे ट्रक खाणींतला कोळसा वाहतात. सगळा स्लॅब मी करून देतो, म्हणाले. आमचा जीव भांड्यात पडला. मग त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. वसतिगृहाच्या देणगीदार मेळाव्यात एका मुलीने स्टेजवर येऊन आपली कहाणी सांगावी, घरी काय काय सोसलं ते, म्हणजे आणखी लोकांचंही मन द्रवेल. ते कॅमेरावाले घेऊन येणार होते.

समितीत कोणालाच यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. नववीतली एक मुलगी छान बोलायची, आणि तिच्या घरी काहीतरी मोठं दुःख झालेलं आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. ती तयारही झाली. बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, तुला हे खरंच सांगावंसं वाटतं का. ती म्हणाली, "छत तं झालं पायजे ना, बाई." बाईंनी तिला अभ्यासाला पाठवलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे नाही होणार."

आम्ही पुष्कळ समजावलं. पाच मिनिटांचा प्रश्न आहे, मुलींच्याच भल्याचं आहे. मी तर आवाज चढवून म्हणालो की तुमच्या हट्टापायी निम्म्या मुली घरी बसतील. बाई रागावल्या नाहीत. "रफीक, तुह्या अम्मीचं आजारपण मी बाजारात सांगून राह्यले असते तं तुले चाललं असतं काय?" एवढंच म्हणाल्या. स्लॅबचं काय करायचं, ते मात्र बाईंनाही माहीत नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी मंडप भरला होता. सेठजी पहिल्या रांगेत, कॅमेरा लावलेला. बाई माइकपाशी गेल्या. कोणतीही मुलगी आज आपल्या घरचं सांगणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढे म्हणाल्या की आज इथे देणारे बोलतील. लहानपणी आपल्याला कोणीतरी काहीतरी दिलेलं असतं. कोणी दिलं, काय दिलं, आणि घेताना कसं वाटलं, ते ज्याला सांगावंसं वाटेल त्याने येऊन सांगावं.

कोणीही उठलं नाही. लोक चपलांकडे पाहू लागले. मला वाटलं, संपलं, स्लॅबही गेला आणि मेळावाही गेला. तेवढ्यात सेठजी उठले. त्यांना वाटलं असावं की आपण मोठे, आपणच सुरुवात करावी. त्यांनी माइक घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी सातवीत होतो तवा..."

पुढे काही आलंच नाही. त्यांनी दोनदा पुन्हा सुरुवात केली. चेहरा लाल झाला. एवढा मोठा माणूस, शंभर ड्रायव्हरांवर ओरडणारा, तो मुलीबाळींसमोर माइक धरून नुसता उभा राहिला. शेवटी त्यांनी माइक बाईंच्या हातात परत दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "नाई सांगता येत, बाई. लय लोक आहेत." मी स्टेजच्या कडेला होतो म्हणून मला ऐकू आलं. मग त्यांनी कॅमेरावाल्याला हाताने खूण केली आणि कॅमेरा बंद झाला.

बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. सेठजी सगळ्यांबरोबर पंगतीत जेवले. आठवड्याभरात त्यांची सळई आणि सिमेंट आलं, मे महिन्यात नवा स्लॅब झाला, आणि शाळा उघडली तेव्हा सगळ्या मुली परत आल्या. आपलं नाव कुठेही लिहायचं नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं आहे, म्हणून इथेही लिहिलेलं नाही. त्या नववीतल्या मुलीची कहाणी काय होती, ते मला आजही ठाऊक नाही. ती आता नर्सिंग शिकते आहे. आमच्या मेळाव्यात मुली गाणी म्हणतात, कबड्डी खेळून दाखवतात, देणाऱ्यांना आग्रहाने वाढतात. रडत कोणी नाही, आणि देणारे कमी झालेले नाहीत.

या ग्रंथाच्या संपादकांनी मला बाईंच्या बालपणाविषयीही लिहायला सांगितलं होतं. तांड्यावरची मुलगी त्या काळात शाळेपर्यंत कशी पोहोचली, कोणी हात दिला, ते वाचकांना प्रेरणादायी होईल, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. म्हणून गेल्या महिन्यात मी बाईंकडे गेलो आणि विचारलं. बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी आणखी एक मूठ शेंगा पुढ्यात ओढल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्या दिवशी सेठजीच्या जागी मी असते ना रफीक, तं मीही माइक वापसच केला असता."

मी पुढे विचारलं नाही. त्यांच्यासोबत शेंगा सोलत बसलो. म्हणून या लेखात बाईंच्या बालपणाची एकही ओळ नाही, वाचकांनी क्षमा करावी. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आणि पुढची पुष्कळ वर्षं त्यांच्यामागून दारोदार हिंडण्याचं भाग्य आम्हाला मिळो. जे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, ते त्यांच्यापाशीच सुखरूप राहो.