एकेक टांगलेले बोंबील

आमच्यावर सिनेमा निघाला. म्हणजे यांच्यावर. मीही त्यात आहे, पण चहाचा कप घेऊन.

आमचे हे गीतकार. डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही मांडवात हळदीला जा, बेंजोवाला यांचं एक तरी गाणं वाजवणारच. एरवी हे सरकारी ऑफिसात कारकून होते, आता रिटायर झालेत. जन्म किनाऱ्यावरचा, पण होडीत पाय ठेवला की यांना ओकारी यायची आणि सुकटीच्या वासाने डोकं दुखायचं. मासळीशी यांचा संबंध फक्त ताटात. ती वाळवायची मी, विकायची मी, आणि वाळवताना तोंडाला येईल ते गायचीही मीच. हे ओट्यावर वही घेऊन बसायचे. "परत म्हण गं," म्हणायचे. मी परत म्हणायचे, हे लिहून घ्यायचे. यांचं अक्षर मात्र सुंदर आहे, तेवढं मान्य करते.

त्यातलं एक गाणं फार चाललं. वलांडीवरच्या बोंबलांचं. वलांडी म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या, बोंबील वाळत घालायला. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. गाण्यात नवरा-बायकोची तशी जोडी केली आहे:

जबड्यात जबडा अडकला गो,
वाऱ्यानं हलंल, सुटायचा नाय.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी यांच्याशी कडाकडा भांडून वलांडीवर गेले, तेव्हा मी हे म्हटलं होतं. लोकांना ते प्रेमाचं वाटलं. वाटू दे बापडं. कॅसेटवर 'गीत' असं छापून पुढे यांचं नाव आलं. तेव्हा काही बोलले नाही मी. पोरगी कडेवर होती, टोपली डोक्यावर होती, बोलायला फुरसत कोणाला?

पण सिनेमावाले घरी आले तेव्हा मी बोलले. दिग्दर्शक मुंबईचा, दाढी वाढवलेला, बोलायला मोठा गोड. त्याला सरळ सांगितलं, "बोंबलाचं गाणं माझं आहे. पडद्यावर यांच्या नावाशेजारी माझं नाव लावा. बाकी मला काही नको." त्याने हात जोडले. "काकू, तुम्ही तर सरांची प्रेरणा!" प्रेरणा म्हणे! मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेरच्या नारळाकडे बघत होते. इतकी वर्षं तो नारळ तिथेच आहे, त्या दिवशीच यांना दिसला.

शूटिंगला मी गेले नाही. बोंबलाचा हंगाम सुरू होता, तो काय दिग्दर्शकासाठी थांबतो? हे मात्र रोज जायचे. टोपी मिळाली, खुर्ची मिळाली. "सल्लागार आहे मी," असं शेजारीपाजारी सांगत फिरायचे.

पहिला खेळ तलासरीत ठेवला, एका हॉलमध्ये, दुपारी तीनला. आमच्या आळीतल्या बायका टेम्पो भरून आल्या. हॉलवाला दारातच म्हणाला, "आवो बेन, आगळ बेसो." बसलो पुढे.

अगं बाई, काय तो सिनेमा! आमची पहिली भेट म्हणे समुद्रावर, मी कमरेवर घागर घेऊन. भर वाळूत घागर घेऊन मी कुठलं पाणी भरणार होते? खरं तर हे मला बघायला मावशीकडे आले होते आणि पूर्ण वेळ खोकत होते. पडद्यावरचा हिरो मात्र खोकत नाही, गातो. भांडला की गातो, बायको रुसली की गातो, बाळंतपणाच्या दारातही गात उभा. माझं बाळंतपण झालं तेव्हा हे आशागडला कोणाच्या तरी हळदीत जेवत होते.

मग तो बोंबलाचा सीन आला. हिरोईन केस मोकळे सोडून वलांडीशी उभी. एकेक बोंबील उचलते, शेपटीला दोरा बांधते आणि दोरीवर टांगते. सुटा, डोकं खाली. आणि वर गाणं चालू, जबड्यात जबडा अडकला गो! पडद्यावर एकाचाही जबडा दुसऱ्याला शिवलेला नाही. हॉलमध्ये आधी एक हसली, मग दहा, मग आख्खी आमची आळी.

सिनेमा संपला, पडद्यावर 'गीत' म्हणून यांचं एकट्याचंच नाव आलं आणि सिनेमावाले यांना घेऊन स्टेजवर गेले. माझ्या जावेला माइक लागत नाही. बसल्या जागेवरून तिने विचारलं, "काय ओ, बोंबील असे टांगायला कुणी शिकवलं?"

दिग्दर्शक अभिमानाने म्हणाला, "सरांनी. स्वतः उभं राहून."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "ज्याला बोंबील अडकवता येत नाय, त्याला गाणं कुठून आलं?" आणि सगळ्या जणी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. रडू आलं. पदर डोळ्यांना लावला.

यांनी माइक घेतला. घाम पुसला. म्हणाले, "ते... माझ्या बायकोला विचारा."

एवढी वर्षं ज्यासाठी थांबले ते आता येणार, असं मला वाटलं. मी उठलेसुद्धा. तोवर दिग्दर्शकाने माइक ओढून घेतला. "बघा! एवढा मोठा माणूस, पण श्रेय बायकोला देतो! किती मोठं मन!" टाळ्या पडल्या. आणि आमच्या यांनी हात जोडून त्याही घेतल्या.

परतीला टेम्पो चारोटीला चहासाठी थांबला. हे माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा खुललेला. बशीत चहा ओतून माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, "आता तरी नाव लावायला सांगाल?"

"अगं, आता कशाला?" हे म्हणाले. "सगळ्यांना कळलंच ना गाणं तुझं आहे ते."

"कळलंय ना?" मी म्हटलं. "मग तुमचं काढायला सांगा."