बदकांच्या वाटेवर कडब्याची खोप

सबंध खानदेशात बदकांना भेटीची वेळ देऊन ती वेळ पाळणारा माणूस मी एकच पाहिला : माझ्या बायकोचे चाळीसगावचे मामा. ऐंशीच्या दशकात परवाना काढून रानबदकं मारता येत. थंडी पडली की मामा शनिवार संध्याकाळपासून कुजबुजत बोलायचे, कारण बदकांचे कान तिखट. तलाव घरापासून अकरा किलोमीटर! माझ्या डोक्याला तेल दिसलं की धुवायला लावायचे. "जावईबापू, बदकाला चमेली लांबून कळते." सलग चौदा हिवाळे त्यांनी बदक आणलं होतं. एकही हिवाळा रिकामा गेला नव्हता, आणि तो जाऊ न देणं हेच त्यांच्या आयुष्याचं काम होतं.

पंधराव्या वर्षी पाऊसच झाला नाही. मामांनी रिवाजाप्रमाणे आठवडाभर आधी काठावर आत लपून नेम धरायला कडब्याची खोप उभारली, म्हणजे बदकांना तिची सवय होते. रविवारी पहाटे जाऊन पाहतो तर पाणी बासष्ट पावलं मागे सरकलेलं. बंदुकीचा पल्ला चाळीस पावलांचा. पुढच्या रविवारपर्यंत डबकंही उरणार नव्हतं. मामा कुजबुजले, "खोप उचला." आम्ही दोघं आत उभे, खोप अंगावर, तीन पावलं टाकायची आणि मिनिटभर थांबायचं. अठरा पावलं झाली असतील, तोच पाठीमागून करकर आवाज आला. एक गाय आमची मागची भिंत खात होती.

"हुडुत," मामा कुजबुजले. दुसरी गाय आली. बघता बघता छप्पर गेलं, आणि भर चिखलात आम्ही दोघं उकिडवे, समोर त्रेचाळीस बदकं. गायींमागून त्यांची मालकीण, एक म्हातारी अक्का, आली.

"अक्का, तुमच्या गायीनं आमची खोप खाल्ली!" मामा कुजबुजतच भांडले.

"भाऊ, मन्ही गाय उपाशी शे. तू कडबा पांघरीसन बठना, तिना काय दोष?"

बसलेलं बदक मारायचं नाही, हा मामांचा नियम. ते बंदूक सरसावून उठले आणि जोरात ओरडले. बदकं उडाली, पल्ल्याबाहेरच एक घिरटी घालून त्याच डबक्यात परत उतरली. मामा पुन्हा ओरडले. पुन्हा तेच.

"उडीसन कोठे जातीन?" अक्का म्हणाली. "पानी इतलंच शे."

मामांनी दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली. उरलेला कडबा त्यांनी स्वतःच गायींपुढे सारला.

पुढच्या रविवारी आम्ही बंदूक न घेता गेलो. पाणी नव्हतं. वाळलेल्या चिखलात बदकांच्या पायांचे ठसे होते, आणि मामा चष्मा पुसून पुसून, वाकून, बदकं कोणत्या दिशेला गेली हे शोधत होते.