आपल्या नावाने खोडा

भटू नाना गेल्याचं मला आमच्या कार्यालयाच्या ऑनलाइन फाईलमध्येच कळलं. सकाळची वेळ होती, मी नवापूरहून आलेली एक बातमी तपासत होते आणि तिच्याखाली एक नवी ओळ उमटू लागली. शहाद्याचा आमचा वार्ताहर दिनेश ती लिहीत होता. 'ज्येष्ठ पत्रकार भटू नाना यांचे' इथपर्यंत ती आली आणि थांबली... बराच वेळ तिथेच थांबली. पुढचा शब्द कोणता हे मला कळलं होतं, आणि तो येऊ नये म्हणून मी पडद्याकडे बघत बसले होते. शेवटी दिनेशचा फोन आला. "ताई, माले लिखाई नही ऱ्हायनं," तो म्हणाला, "तुम्हीच पुरी करा." मी ती ओळ पुरी केली. त्याला आता काही आठवडे झाले.

नाना शहाद्याजवळच्या एका केळीवाल्या शेतकरी घरातले. शेती भावांवर सोडून ते आमच्या जिल्हा दैनिकाच्या नंदुरबार कार्यालयात आले आणि तिथेच राहिले. मी आधी वाचनालयात ग्रंथपाल होते, नंतर मुद्रितशोधक म्हणून त्यांच्या शेजारच्या टेबलावर आले. तेव्हा वार्ताहरांच्या बातम्या मोबाइलवर यायच्या, कार्यालयात कोणीतरी त्या कापायचं, जोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी वार्ताहराला आपलीच बातमी ओळखू यायची नाही. कोणी कापलं, का कापलं, हे विचारायची सोय नव्हती. मग एकाच वेळी सगळ्यांना आपापल्या फोनवरून लिहिता येईल अशी ऑनलाइन फाईल आमच्याकडे आली. तिच्यात कोणी काय लिहिलं आणि काय काढलं, ते नावासकट दिसतं. कार्यालयातल्या अनेकांना ती पाळत वाटली. नानांनी ती दोन दिवस न्याहाळली आणि म्हणाले, "हाऊ ते ओटा शे. ज्याले बोलनं शे, त्यानी समदास्ना समोर बोलो."

तेव्हापासून फाईलचं नाव ओटा पडलं. तिच्या माथ्यावर नानांनी एक नियम लिहून ठेवला: कोणाचीही ओळ पुसायची नाही, नको असेल तर आपल्या नावाने खोडा, बाजूला कारण लिहा आणि ज्याची ओळ आहे त्याच्या उत्तराची वाट बघा. वाट बघणं हे वर्तमानपत्राच्या धंद्यात बसत नाही, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. नाना म्हणायचे, पान उशिरा गेलेलं चालेल, माणूस कापलेला चालणार नाही.

या वाट बघण्याचा सगळ्यांत मोठा धनी होता जामसिंग, नर्मदाकाठच्या डोंगरातला आमचा वार्ताहर. त्याच्या गावात फोनला रेंज नाही. तो घरी बसून लिहायचा, मग टेकडी चढायचा आणि वर पोचला की त्याचा अख्खा मजकूर एकदम ओट्यावर येऊन पडायचा. "चढना रे जामसिंग," नाना खुर्चीतूनच जाहीर करायचे. माणसं घरच्या पावरी बोलीत जे बोलली ते तो तसंच पावरीत लिहायचा आणि खाली मराठी द्यायचा. पावरीची ती ओळ छापून यायची नाही, पण नाना ती फाईलमधून हलवू द्यायचे नाहीत. एकदा तो टेकडी चढेपर्यंत आम्ही तीच बातमी धडगावहून फोनवर ऐकून लिहून टाकली, वरून त्याची स्वतःचीही येऊन पडली, आणि दोन्ही तशाच एकाखाली एक छापल्या गेल्या. अक्कलकुव्याच्या चहावाल्याने नानांना विचारलं, तुमच्या पेपरले आते डोंगरना आवाज लागी ग्या का, समदं दोनदा येस? नाना आठवडाभर हा विनोद स्वतःच सगळ्यांना सांगत होते.

पण ओट्याची खरी परीक्षा झाली ती बोटीच्या बातमीत. धरणाच्या पाण्यापलीकडच्या काही पाड्यांवर धान्य पोचवणारी ठेकेदाराची बोट बंद पडली होती आणि बायका डोक्यावर पोती घेऊन डोंगर उतरत होत्या. जामसिंगने शेवटी एक ओळ लिहिली होती: बोट कागदावर रोज चालते. ठेकेदार आमच्या मालकांच्या बसण्याउठण्यातला. दुपारी मालकांचा फोन आला. बातमी जाऊ द्या, फक्त तेवढी ओळ काढा, असं त्यांचं म्हणणं होतं. नानांचा आवाज जराही चढला नाही. ते म्हणाले, "भाऊसाहेब, फोनवर नका सांगू. ओटावर या. तठे तुमनं नाव दिसी, तठेच खोडा."

मालक खरंच आले. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या नावाचं गोल चिन्ह उगवलं. आम्ही सगळे आपापल्या जागी बघत होतो. त्यांचा कर्सर त्या ओळीपाशी गेला, थोडा वेळ थांबला... आणि चिन्ह मावळलं. ओळ छापून आली. पुढे बरेच दिवस मालक नानांशी बोलले नाहीत, आणि नाना रोज त्यांना वाकून नमस्कार करत राहिले.

दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि फाईलची मालकी माझ्या नावावर करून घ्यायला लावली. मी म्हटलं, बरे होऊन या, मग बघू. त्यांनी डोळे मिटले. "आते ओटा तुन्हा, ताई. झाडू नको मारजो."

तेराव्यानंतर मालकांनी मला बोलावलं. अगदी गोड बोलले. आता वार्ताहरांना फाईल फक्त बघता यावी, लिहिणं आणि कापणं कार्यालयातच व्हावं, तुम्ही सेटिंगमधली तेवढी एक खूण बदला, म्हणाले. नाना होते तोवर ठीक होतं, असंही म्हणाले. मी वाद घालणारी बाई नाही. मी टेबलापाशी आले आणि त्यांचं म्हणणं शब्दशः ओट्यावर लिहिलं, 'मालकांनी मला सांगितलं' असं वर घालून. खाली विचारलं, तुमचं काय म्हणणं?

दिनेशने लिहिलं, नवापूरने लिहिलं, धडगावनेही लिहिलं. जामसिंगचं उत्तर नेहमीप्रमाणे उशिरा पडलं. पावरीत एक ओळ, तिच्याखाली मराठी: मी टेकडी चढतो ते नुसतं बघायला नाही.

मी ती खूण बदललेली नाही. बदलणारही नाही. मला काढून टाकता येईल, पण त्यासाठीही कोणालातरी सही करावी लागेल, आणि नानांना एवढंच तर हवं होतं.

हा लेखही मी ओट्यावरच लिहिला आहे, सगळ्यांच्या देखत. नानांना मी 'शांत' म्हटलं होतं, तो शब्द दिनेशने स्वतःच्या नावाने खोडला आणि बाजूला लिहिलं, 'शांत नही, हट्टी.' मला ते पटलं. पुरवणीचं पान छपाईला जाईपर्यंत मालकांनाही दार उघडं आहे. बोटीचा परिच्छेद, त्यांनी माझ्यापाशी केलेली मागणी, काहीही नको असेल तर त्यांनी यावं, खोडावं आणि खाली आपलं नाव राहू द्यावं. मी वाट बघते आहे. तुम्ही हे वाचत असाल, तर समजा, कोणी आलं नाही.