मुतलकचे पोकळ ओंडके

म्हसळ्याचा हुसेनमियाँ मक्केतल्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यासाठी लाकूड घ्यायचा. काम ऐकायला हलकं, पण त्या भटारखान्याची सारी इज्जत त्याच्या नाकावर उभी होती. खड्ड्यातल्या भट्टीत मंद शिजणाऱ्या मटणाला समरच्याच लाकडाचा धूर हवा, हा हट्ट त्याचा. समर म्हणजे आपल्या बाभळीचा अरबी चुलतभाऊ. ओंडका नुसता हुंगून तो सांगायचा, वाळलेला आहे की हिरवा तोडलाय. हाजी लोक बोटं चाटत आणि हा लांबून बघत मिशीला पीळ देई.

लाकूड आणायचा मुतलक नावाचा बदू, म्हणजे वाळवंटातल्या टोळीतला अरब, तायफच्या पलीकडच्या खोऱ्यातून. २००४ साली घरी पाठवायला चांगला मध हवा म्हणून हुसेनमियाँ त्याच्या पिकअपमधून खोऱ्यात गेला. अर्ध्या उतारावर नुसती खुंटं उरली होती.

"इथली झाडं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच खाल्लीत," मुतलक हसून म्हणाला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात त्याची लेक फरहाना फोनवर शाळेतला धडा सांगत होती. "अब्बा, झाडानं धरून ठेवलेला कार्बन जाळल्यावर सगळा हवेत जातो आणि हवा तापते. तुम्ही रोज किती जाळता ओ?" पोरीने सहज विचारलं, पण बाप त्या रात्री दिवसभरात जाळलेले ओंडके मोजत बसला.

मग गडी कामाला लागला. मुख्य आचारी नसरुद्दीनच्या मागे भुणभुण लावून त्याने निम्म्या भट्ट्या गॅसवर नेल्या. पण लाकूड कमी घेतलं तर मुतलकच्या पोरांनी खायचं काय? मुतलकच्या वडिलांना मधमाश्या पाळायची विद्या ठाऊक होती. ओंडके आतून पोकरायचे, त्यांत माश्या वसवायच्या. समरच्या फुलांवर त्या जगतात.

"झाडं राख आणि मध काढ," हुसेनमियाँ त्याला म्हणाला. "तुझा सगळा मध आमचं हॉटेल घेईल. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर मुतलकने कुऱ्हाड टांगून ठेवली. पुढच्या बहराला त्याच्या झोपडीत मधाचे डबे भरून उभे होते.

नेमका तेव्हाच जोहराचा, म्हणजे हुसेनमियाँच्या बायकोचा, फोन आला. तिचा धाकटा भाऊ कादिर गावात रिकामा बसला होता. "तुमच्या येवढ्या वळखी हायत तिथं. माझ्या भावाचं तेवढं बघा ओ," ती रडतच म्हणाली. इकडे एक व्यापारी हॉटेलच्या गळ्यात स्वस्त डबाबंद मध मारायला टपलेला. तो म्हणाला, मेव्हण्याचा व्हिसा माझ्याकडे लागला, तू फक्त नसरुद्दीनच्या कानात माझ्या मधाचं नाव घाल. हुसेनमियाँने घातलं. हॉटेलात डबाबंद मध आला आणि मुतलकचे डबे झोपडीतच राहिले. घरचं माणूस आधी, असं स्वतःला बजावलं आणि मोकळा झाला. मोकळा कसला! खाई त्याला खवखवे. मुतलकचा फोन आला की तो नाव बघून फोन उशीखाली सारायचा. एक फोन उचलून 'चुकलो' म्हणायला काय लागतं? पण तेवढंही या गृहस्थाला जमलं नाही.

रमजानच्या गर्दीत दुसरीकडून येणारं लाकूड कमी पडायला लागलं आणि एका दुपारी मुतलकची पिकअप मागच्या दाराशी उभी राहिली. गाडीभर समर होतं, सगळं हिरवं तोडलेलं. लाकूड उतरवता उतरवता तळाशी पोकरलेले ओंडके लागले. आत मेणाचे तुकडे अजून चिकटलेले होते. हुसेनमियाँने हातातला ओंडका परत गाडीत ठेवला.

"हे कशाला आणलेस? परत ने. मी नसरुद्दीनशी बोलतो, तुझा मध घ्यायला लावतो."

"मध कोणी घेतला नाही. पोरांना काय घालू? झाडं तोडली. झाडं गेली तशा माश्याही गेल्या." मुतलक एकेक ओंडका वजनकाट्यावर ठेवत होता. "हे पोकळ आहेत. यांचा भाव कमी लाव. तुला कोणी बोलायला नको."

हुसेनमियाँने माफी मागायला तोंड उघडलं. तोवर मुतलकने दोर गुंडाळला होता.

"खलास? झाला हिशेब?" मुतलकने विचारलं.

"खलास," हुसेनमियाँच्या तोंडून गेलं.

संध्याकाळी त्या व्हिसावर आलेला कादिर भट्टीत लाकूड सारत होता. नवी नोकरी, नवा उत्साह. दिवसभर त्याचं तोंड चालूच असायचं. पोकळ ओंडक्यांनी पेट घेतला तसा तो ओरडला, "भावजी, इकडं या की! काय गोड वास सुटलाय बघा!"

हुसेनमियाँ काट्यापाशी पाठ करून उभा होता.

"सर्दी झालीय मला," तो म्हणाला. "वास येत नाही."