डावीकडे नको

निवृत्त पोलिसाला सगळ्या केसेस तोंडपाठ असतात, असं लोकांना वाटतं. खोटं आहे ते. निम्म्याहून जास्त मी विसरलो, आणि विसरलो तेच बरं झालं. पण वसईतल्या बर्फवाल्या शेठची केस आठवली, की आजही हातातला चहा गार होतो. नाव सांगणार नाही. माणसं तिथंच राहतात.

स्मार्टफोन यायच्या आधीचे दिवस. शेठचा बर्फाचा कारखाना होता, पाचूबंदरच्या बऱ्याच होड्यांना बर्फ त्यांचाच. त्यांच्याकडे पीडीए होता. तळहाताएवढं यंत्र, पडद्यावर प्लास्टिकच्या काडीनं लिहायचं. कुठली होडी कधी सुटणार, कुणाला बर्फाच्या किती लाद्या, सगळं ते धक्क्यावर उभ्या उभ्या टिपायचे. वेळ झाली की यंत्र वाजायचं आणि शेठ उठायचे. साठी उलटलेल्या माणसाचा हा थाट बघून कोळी मंडळी चेष्टा करत, "शेठ, उठा, मालकिणीनं हाक मारली!" पण बर्फ चुकला, असं कधी झालं नाही.

एका संध्याकाळी शेठ घरी पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. मूळच्या पाचूबंदरच्याच, आवाज खणखणीत.

"साहेब, काय वाईट झालं असेल तर तोंडावर सांगा. पन कुठं पडले असतील तर पानी तरी कोनी दिलं का, तेवढं बघा."

मिसिंगची नोंद घेतली, बिनतारीवरून वर्णन सगळीकडे कळवलं. शेठ धक्क्यावरून निघाले होते, म्हणून कोळ्यांनी होड्या काढून खाडी धुंडाळली. मला मात्र धंद्यातल्या वैराचा वास येत होता.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. नालासोपाऱ्यात एक रिक्षावाला असलंच यंत्र विकायला मोबाइलच्या दुकानांतून फिरतोय. उचलून आणला. समोर बसवला आणि नुसता बघत राहिलो. पोलीस गप्प बसला की भल्याभल्यांना घाम फुटतो.

"साहेब, आईशप्पथ, चोरलं नाय. सीटवर राहिलं त्यांचं."

"आणि म्हातारा कुठं टाकलास?"

"टाकला? काय बोलता साहेब! माणिकपूरला चर्चच्या नाक्यावर स्वतः उतरले ते. भाडं पण दिलं. मला लालच आली, बस. दोन कानाखाली मारा, पण मर्डरमध्ये नका टाकू."

ढसाढसा रडला. खरं बोलणारा आणि पकडला गेलेला, दोघंही सारखेच रडतात. म्हणून रडण्याला मी किंमत देत नाही. पंचांसमक्ष यंत्र ताब्यात घेतलं. ओळख पटवायला शेठच्या पत्नींना बोलावलं होतं, त्या समोर बसल्या होत्या. संध्याकाळ होत आली आणि टेबलावरचं यंत्र आपोआप वाजलं. पडदा उजळला. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर होता.

"चर्चच्या नाक्यावर उतर. उजवीकडे जा. डावीकडे नको."

मी दोनदा वाचलं. तिथून शेठची बिल्डिंग हाकेच्या अंतरावर. रोजच्या वाटेबद्दल माणूस असं कशाला लिहील?

काडीनं मागच्या नोंदी उघडत गेलो. "भुवईवर व्रण असलेला, होडी चालवणारा तांडेल तुझा जुना दोस्त. थट्टा केली तर तूही कर." "दुपारचं जेवलास. पुन्हा मागू नको." अरे देवा! एवढा धंदा, एवढी माणसं, सगळं त्या डबीत होतं. आतून पुसला जाणारा हा माणूस रोज सकाळी त्यावरून स्वतःला उभा करत होता, आणि धक्क्यावर कुणाला शंकासुद्धा नव्हती. उभ्या नोकरीत हुशार माणसं पुष्कळ पाहिली. असली हिंमत नाही पाहिली.

आणि मग डोक्यात उजेड पडला. माणूस लिहून ठेवतो, ते चुकतं म्हणूनच. 'डावीकडे नको' म्हणजे त्याचे पाय डावीकडे वळत असणार.

"बाई, नाक्यावरून डावीकडे काय आहे?"

"काय नाय. आमचं जुनं घर होतं. लग्न झाल्यावर तिथंच आलो. विकलं कधीच, आता बिल्डिंग चाललीय..." बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला.

बाईंना घेऊन जीप काढली. नाक्याजवळ पोचतो तर यंत्र पुन्हा वाजलं. मी वाचलं आणि खिशात घालायला गेलो.

"काय म्हनतंय? वाचा साहेब."

वाचावं लागलं. "दार उघडेल ती तुझी बायको. हसून बोल."

त्या हळू म्हणाल्या, "वर्षभर रोज दारातच हसतात. मला वाटायचं, म्हातारपनी माया उतू चाललीय."

अर्धवट इमारतीच्या पायरीवर शेठ बसले होते. कपडे मळलेले, पण माणूस धड होता. वॉचमन म्हणाला, कालपासून घर माझं म्हणून बसलेत, चहा-पाणी दिलं, पण हलत नाहीत. मी पुढे झालो तसे शेठ सरकून म्हणाले, "बसा. बायको बाजारात गेलीय. किल्ली तिच्याकडे आहे."

बायको समोरच उभी होती. त्यांनी परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. आणि ती बाई हसली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, तरी हसली.

"बाजारात उशीर झाला मला. किल्ली आनलीय. चला घरी."

शेठ निमूट उठले आणि तिचा हात धरून चालू लागले.

रिक्षावाल्याला समज देऊन सोडला. यंत्र पावतीवर परत केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांच्या खिशात तुम्हीच ठेवा. यातलं मी ऐकलं, ते त्यांना सांगू नका." तसंच केलं.

लोकांनी लपवलेलं उघडं करण्यातच माझी नोकरी गेली. लपवतो तो गुन्हेगार, हे मी नव्या पोरांनाही शिकवायचो. त्या दिवसानंतर ते वाक्य शिकवणं बंद केलं. स्टेशन डायरीत लिहिलं, 'बेपत्ता इसम सुखरूप मिळून आला, पत्नीच्या ताब्यात दिला.' यंत्रात काय होतं, ते लिहिलं नाही.