आमचा कट्टा लय बिझी!

ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात पाचट उरतं. किश्श्यांचं तसंच आहे. माणसं उठून घरला जातात आणि कट्ट्यावर किस्से साठत राहतात. आमचा कट्टा रहिमतपूरच्या अलीकडं, चहाच्या टपरीसमोर, लिंबाखाली. साठलेलं पाचट आता लय झालंय, म्हणून थोडं पेटवून बघतो!

माझं शिक्षण सातवी नापास. इंग्रजीच्या तासाला मी बाहेर गुरुजींच्या सायकलची हवा सोडत असायचो. त्यामुळं इंग्रजी शिकलो ते या कट्ट्यावरच. आणि एक गोष्ट ध्यानात आली. आळशी माणसाला आमच्याकडं मराठी शब्द ढीगभर. ऐदी, उंडगा, रिकामटेकडा, आयतखाऊ. पण त्याच्या उलटं काही सांगायचं झालं की जो तो इंग्रजीत शिरतो. बिझी, अॅक्टिव्ह, डायनॅमिक! मराठीत माणूस काम करतो, इंग्रजीत तो बिझी असतो. कामाला घाम लागतो, बिझीला नुसता मोबाईल पुरतो!

* * *

आमचा सर्जेराव सुभेदार फौजेतनं पेन्शनीवर आला त्याला जमाना झाला. पण रोज एकदा तरी मला सांगणार, "नाना, फौजी कधी खाली बसत न्हाई. ऑलवेज अलर्ट!" हे तो खुर्चीत बसून सांगतो.

एकदा त्याच्या सुनेनं अंगणात शेंगा वाळत घातल्या आणि सासऱ्याला राखणीला बसवलं. मी चाललो होतो रस्त्यानं. बघतो तर सुभेदार छातीवर हनुवटी टेकून घोरतोय आणि शेजाऱ्याची शेळी निवांत शेंगा खातीय. शेळीचं पोट भरू दिलं, मग ओरडलो, "सुभेदार, शेळी!"

डोळे न उघडता म्हणतो, "बघितलीया मगाशीच. ऑब्झर्व्हेशन चालू हाय!"

* * *

बबन म्हणजे आमच्या गावचं तरुण नेतृत्व. वय पंचेचाळीस. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, डोळ्याला काळा चष्मा, कानाला फोन, खाली मोठ्या अक्षरात 'अॅक्टिव्ह आणि डायनॅमिक'.

मी विचारलं, "बबन, फोटोत फोन कुणाला लावलायस रं?"

"नाना, लोकांच्या कामासाठी!"

"मग जरा आमच्या आळीतल्या गटाराचं बघ की. पार तुंबलंय."

"बघतो बघतो. सध्या लय बिझी हाय."

मग वळवाचा वारा सुटला आणि फ्लेक्स लाकडी चौकटीसकट उडून नेमका त्याच गटारावर आडवा पडला. दुसऱ्या दिवशी आळीतल्या बाया डोक्यावर पाणी घेऊन त्याच्यावरनं खुशाल ये-जा करायला लागल्या. बबन उचलायला आला, तर आमची कारभारीण म्हणाली, "राहू दे की भाऊ. पहिल्यांदाच उपेगी पडलायस!"

* * *

दत्तूआबा माझा बालमित्र. माणूस साधा, चार म्हशी आणि दीड एकर ऊस. त्याच्या भाच्यानं त्याला नवा फोन दिला आणि त्यात काय करून ठेवलं देव जाणे, आबानं फोन कट केला की समोरच्याला आपोआप इंग्रजी मेसेज जायचा.

मी फोन लावला, त्यानं कट केला, मला मेसेज आला. बबननं वाचून अर्थ सांगितला, "मी मीटिंगमध्ये आहे."

गोठ्यात जाऊन बघतो तर आबा म्हशीची धार काढतोय. म्हणलं, "आबा, मीटिंग किती वेळ चालंल?"

"कसली मीटिंग? दोन्ही हात गुतल्यात, नाकानं कट केला फोन!"

मी त्याला खरं काही सांगितलं नाही. मेसेज गावभर जात राहिले. महिन्याभरात आबा सोसायटीत गेला की सेक्रेटरी उठून खुर्ची द्यायला लागला, "बसा आबा, तुमी लय बिझी असता!" आबा घरी येऊन बायकोला विचारतो, "माझी तब्येत खराब दिसती का गं? सगळी उठून जागा देत्यात!"

* * *

आता आबाच्या पोराचं, संजूचं सांगतो.

संजू गुणी पोरगा. पण शेतकरी म्हणल्यावर पोरगी कोण देणार? दोन ठिकाणं हातातनं गेली होती. तिसरं आलं विट्याकडचं. पोरगी शिरवळला कंपनीत कामाला. आबा माझ्याकडं आला, डोळ्यात पाणी. "नाना, हे बी गेलं तर पोरगं तसंच ऱ्हाईल रं. चौकशीला येतील ती टपरीवरच येतील. तुझ्या हातापाया पडतो, नीट सांगा."

आमच्याकडं पोराच्या घरी जायच्या आधी चौकशी गुपचूप गावच्या टपरीवर होते. ती पोराला कळूही देत नाहीत. म्हणून मी अख्ख्या कट्ट्याची तालीम घेतली. "कुणीबी 'शेती करतो' म्हणायचं न्हाई! इंग्रजी वापरा. कंपनीतल्या पोरीचा मामला हाय." बबननं साताऱ्याच्या स्टुडिओत संजूचा फोटो काढून पोरीकडच्यांना पाठवला. उसना कोट, काळा चष्मा, तोंड इतकं गोरं केलेलं की आबानंच विचारलं, "ह्यो कोण पावणा?"

एक दिवस दुपारी रस्त्याच्या कडंला गाडी थांबली. पोरीचे मामा उतरले, सोबत पोरीची आत्या. चाक पंक्चर झालेलं. आत्या गाडीपाशीच सावलीला बसल्या, मामा टपरीवर आले. "पाऊसपाणी कसं काय?" असं म्हणणारा परका माणूस चौकशीलाच आलेला असतो, हे शेंबडं पोरगं सांगंल!

चहा आला, मामांनी हळूच विचारलं, "दत्तूआबांचा संजू कसा हाय?"

सुभेदार ताठ झाला. "चोवीस तास अलर्ट!"

बबन म्हणाला, "एकदम डायनॅमिक. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात अॅक्टिव्ह!"

मी शेवटचा खिळा ठोकला, "पावणं, लय बिझी पोरगा. श्वास घ्यायला फुरसत न्हाई!"

एवढ्यात मामांच्या पाठीमागं, रस्त्यानं, कोण यावं? संजूच! डोक्यावर वैरणीचा ओला भारा, लुंगी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, तोंड वैरणीत अर्धं झाकलेलं. सुभेदार डोळ्यांनी खुणा करतोय, "जा, जा!" पण याचं लक्ष गाडीकडं. भारा खाली टाकला, आत्याबाईंशी काहीतरी बोलला आणि जॅक लावून गाडीखाली शिरला.

मामा म्हणाले, "आलोच हाय तर पोराला बघता येईल का?"

मी गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडं बघत म्हणलं, "छ्या! असा कसा घावंल? अपॉइंटमेंट घ्यावी लागती!"

चाक बसलं. आत्याबाई म्हणताना ऐकू आलं, "बाळा, तुझं काम खोळंबलं असंल."

"न्हाई ओ मावशी, रिकामाच हाय की." भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी आबाचा फोन वाजला. आम्ही सगळे कट्ट्यावरच होतो. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला. पलीकडं आत्याबाई.

"आबा, राग मानू नका. आमच्या पोरीची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. तुमचा संजू एवढा बिझी, अॅक्टिव्ह आन् काय काय. दोघं एकमेकांच्या नजरेला तरी पडतील का? तवा ते ऱ्हाऊ द्या."

आबा मटकन खालीच बसला. सुभेदार माझ्याकडं बघतोय, मी लिंबाकडं.

"पण एक इचारायचं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "त्या दिवशी टपरीपाशी वैरणीचा भारा घेऊन एक रिकामा पोरगा आला हुता. त्याचं कुठं ठरलंय का?"