खारपाणातला रेडिओ आणि दुर्गाबाई

अकोल्यात बसस्टँडच्या मागं दुर्गाबाईंचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. बावन्न साली नवरा गेला, तेव्हा दिरांनी दुकान विकायला काढलं. बाई म्हणाल्या, "तेजाबानं हात माहे जयले, दुकान तुमी कोन इकनारे?" विषय तिथंच संपला. लुगड्याला तेजाबाची, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची, भोकं पडलेली ही बाई भल्याभल्या ट्रकवाल्यांना फैलावर घेई. मला असली माणसं फार आवडतात, अर्थात मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडेपर्यंतच.

मी खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या विहिरींच्या मुलखातल्या, एका गावात मास्तर. गावात वीज नव्हती. अठ्ठावन्न साली वर्गणी काढून शाळेत रेडिओ आणला. तो बॅटरीवर चाले आणि बॅटरीची जबाबदारी माझ्याकडे होती. दीड वर्षात मी दोन बॅटऱ्या संपवल्या. तिसरीही मान टाकू लागली, तेव्हा सरपंच केशवराव म्हणाले, "मास्तर, हे बॅटरी सुधरली नाई, तर रेडिओ इकून टाकू." संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर अख्खं गाव बातम्या आणि कीर्तन ऐकायला बसे. ते आता माझ्यापायी बंद पडणार होतं.

बॅटरी घेऊन अकोल्याला पहिल्यांदाच दुर्गाबाईंकडे गेलो. बाजार करायचा म्हणून बायको माणिकही सोबत होती. दुर्गाबाईंनी बॅटरीची बुचं काढली, काचेची नळी आत घालून तेजाबाचा जोर पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आवाज पुरा बसेपर्यंत लावता न रेडिओ?"

"हो. भरलेली बॅटरी पुरती वापरायला नको?"

"अन् मंग?"

"मग रविवारच्या बाजाराला इकडे आणतो."

"म्हंजे चार-पाच दिवस मेलेली ठेवता! अन् पानी कोनतं टाकलं?"

मी जरा ऐटीतच सांगितलं, "खारं नाही हं. कोसभरावरून आणलेलं गोडं, पाहुण्यांना देतो ते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "तिले पाहुणचार नाई पाह्यजे, मास्तर! डिस्टिल पानी पाह्यजे."

मग त्या माणिककडे वळल्या. "बाई, तुह्या घरचा रांजण कवा भरतं तू?"

"अर्धा झाला का पान्याले निंगा लागते," माणिक म्हणाली. "पुरा खाली होऊ देला, अन् वाटंत उशीर झाला, तर लेकरं कोरडी राह्यतीन."

"आयकलं? बॅटरी आता हिच्या हाती द्या."

मला राग आला. मी मॅट्रिक, माणिक शाळेची पायरीही न चढलेली. पण केशवराव आठवले आणि मी होकार दिला.

बाईंनी आतलं तेजाब ओतून टाकलं, डिस्टिल पाणी भरलं आणि अगदी कमी करंटवर नऊ दिवस बॅटरी लावून ठेवली. दुसरा कोणी भंगारात काढून मोकळा झाला असता. ही बाई सकाळ-संध्याकाळ नळी घालून पाही. दहाव्या दिवशी ताजं तेजाब भरून बॅटरी माणिकच्या हवाली केली.

तेव्हापासून आवाज जरा खाली आला, की माणिक रेडिओ बंद करी. लोक कुरकुरत, ती ऐकत नसे. दुसऱ्याच दिवशीच्या मोटारीनं बॅटरी अकोल्याला रवाना होई. ती पुढं साडेचार वर्षं चालली. केशवरावांनी पुन्हा विकायचं नाव काढलं नाही.

बारा वर्षं मी माणिकच्या हातचं पाणी पीत होतो. ते ती कसं पुरवते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. दुर्गाबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं.